बिऱ्हाड ते मालकी : ठाणे व कल्याण-डोंबिवली परिसरातील घरबदलाचा सामाजिक इतिहास

सारांश

मुंबईच्या चाळींतून ठाणे, डोंबिवली व कल्याण येथे झालेले मध्यमवर्गीय कुटुंबांचे स्थलांतर हा महाराष्ट्राच्या नागरी इतिहासातील महत्त्वाचा टप्पा होय. या स्थलांतराचा विचार प्रामुख्याने लोकसंख्यावाढ, उपनगरी रेल्वे व नागरी सुविधा या अंगांनी झालेला आहे. घर हलविणे या प्रत्यक्ष क्रियेकडे मात्र तुलनेने कमी लक्ष गेले. प्रस्तुत निबंधात भाडे नियंत्रण कायदा, मालकीच्या सदनिकांची पद्धती, घर हलविण्याचे दैनंदिन व्यवहार आणि कागदपत्रांचे स्थलांतर यांचा परस्परसंबंध तपासला आहे. सामान नव्या घरी उतरले म्हणजे घरबदल पूर्ण झाला असे समजले जाते. परंतु या परिसरातील असंख्य कुटुंबांच्या बाबतीत जमिनीचा हक्क नव्या घरापर्यंत पोहोचलाच नाही आणि त्याचे परिणाम आज पुनर्विकासाच्या काळात दिसत आहेत, असे या निबंधाचे प्रतिपादन आहे.

बीजसंज्ञा : बिऱ्हाड, पागडी, भाडे नियंत्रण, सहकारी गृहनिर्माण संस्था, अभिहस्तांतरण, पुनर्विकास.

प्रस्तावना

दिनांक १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही प्रवासी आगगाडी धावली आणि पुढील वर्षी, म्हणजे १८५४ मध्ये, हा लोहमार्ग कल्याणपर्यंत पोहोचला. ठाणे व कल्याण ही दोन्ही नगरे त्यापूर्वीही महत्त्वाची होती. कल्याण हे प्राचीन बंदर, तर ठाणे हे इंग्रजी अमलातील जिल्ह्याचे मुख्य ठिकाण. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ मध्ये आणि ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ मध्ये स्थापन झाले, यावरून येथील नागरी जीवनाची परंपरा लक्षात येते. डोंबिवली मात्र दीर्घकाळ भातशेतीने वेढलेले गाव होते. या तिन्ही ठिकाणांचे आजचे स्वरूप स्वातंत्र्योत्तर काळात, आणि विशेषतः १९६० नंतर, मुंबईतून व महाराष्ट्राच्या अन्य भागांतून आलेल्या कुटुंबांमुळे घडले.

जनगणनेचे आकडे या बदलाची कल्पना देतात. मुंबई शहराची, म्हणजे उपनगरे वगळून बेटावरील भागाची, लोकसंख्या १९८१ मध्ये सुमारे ३२ लाख ८५ हजार होती. १९९१ मध्ये ती सुमारे ३१ लाख ७५ हजारांवर आली. याउलट ठाणे महानगरपालिका क्षेत्राची लोकसंख्या १९९१ मध्ये सुमारे ८ लाख ३ हजार होती, ती २००१ मध्ये सुमारे १२ लाख ६२ हजार आणि २०११ मध्ये सुमारे १८ लाख ४१ हजार झाली. कल्याण-डोंबिवलीने १९९१ मध्येच १० लाखांचा टप्पा ओलांडला होता. २०११ च्या जनगणनेत तत्कालीन ठाणे जिल्हा हा देशातील सर्वाधिक लोकसंख्येचा जिल्हा ठरला. या आकड्यांमागे लक्षावधी कुटुंबांनी घर हलविण्याचा अनुभव घेतलेला आहे. त्या अनुभवाचा इतिहास हा या निबंधाचा विषय होय.

अभ्यासाची उद्दिष्टे

१) ठाणे व कल्याण-डोंबिवली परिसरातील घरबदलाचे ऐतिहासिक टप्पे स्पष्ट करणे.
२) भाडे नियंत्रण व सदनिका मालकी यांविषयीच्या कायद्यांचा घरबदलावरील परिणाम तपासणे.
३) घर हलविण्यातील व्यावहारिक अडचणी व कौटुंबिक ताण यांचा परामर्श घेणे.
४) सध्याच्या पुनर्विकासाच्या प्रश्नाची ऐतिहासिक कारणे शोधणे.

यासाठी कायद्यांच्या तरतुदी, जनगणनेची माहिती आणि या भागातील सर्वपरिचित गृहव्यवहार यांचा आधार घेऊन वर्णनात्मक व विश्लेषणात्मक पद्धतीने मांडणी केली आहे.

‘बिऱ्हाड’ या शब्दाचा आशय

मराठीत घर आणि बिऱ्हाड या शब्दांत फरक आहे. घर हे गावाकडे, वडिलोपार्जित. बिऱ्हाड हे नोकरीच्या गावी, भाड्याच्या जागेत. ‘बिऱ्हाड केले’, ‘बिऱ्हाड हलविले’, ‘शेजारच्या बिऱ्हाडी’ अशा प्रयोगांत हा शब्द कधी जागेसाठी, कधी कुटुंबासाठी, तर कधी सामानसुमानासाठी येतो. ‘विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर’ ही म्हणही याच अस्थिरतेची जाणीव देते. कोकणातून व देशावरून मुंबईत आलेल्या मराठी कुटुंबाने गिरगाव, परळ, लालबाग, दादर येथील चाळीत दोन-तीन पिढ्या काढल्या, तरी कित्येकांच्या बोलण्यात ‘घर’ म्हणजे गावचे घर हाच अर्थ राहिला. गणपती किंवा शिमग्याला जायचे ते घरी, आणि परतायचे ते बिऱ्हाडी.

ठाणे-डोंबिवलीकडील स्थलांतराने हा भेद पुसट झाला. भाड्याची जागा सोडून स्वतःच्या नावाची जागा घेणे म्हणजे बिऱ्हाडकरूने घरमालक होणे होय. म्हणूनच या स्थलांतराचे वर्णन केवळ अंतर व लोकसंख्या यांच्या परिभाषेत करणे अपुरे ठरते.

प्रारंभीचे टप्पे : प्लेग व फाळणी

मुंबईतून मोठ्या प्रमाणावर घरे सोडण्याचा एक प्रसंग १८९६ च्या प्लेगच्या साथीत आला. साथ पसरताच लाखो लोकांनी शहर सोडले. कल्याण जंक्शनवर प्रवाशांची वैद्यकीय तपासणी होत असे. या स्थलांतरात मागे ठेवलेल्या खोलीचे निर्जंतुकीकरण होई, सामान जप्त होण्याची वा जाळले जाण्याची धास्ती असे. साथ ओसरल्यावर बहुसंख्य लोक परतले. त्यामुळे हे स्थलांतर तात्पुरते होते. परंतु दाटीवाटीच्या वस्तीतून बाहेर पडले पाहिजे, ही जाणीव त्यातून रुजली आणि १८९८ मध्ये स्थापन झालेल्या सुधार मंडळाने पुढे दादर-माटुंगा भागात नव्या वसाहती आखल्या.

दुसरा प्रसंग फाळणीचा. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कल्याणजवळ लष्कराची मोठी छावणी उभारण्यात आली होती. १९४७ नंतर सिंधमधून आलेल्या निर्वासित कुटुंबांना या रिकाम्या बराकींत आश्रय देण्यात आला. ८ ऑगस्ट १९४९ रोजी तत्कालीन गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या उपस्थितीत या वसाहतीचे उल्हासनगर असे नामकरण झाले. लांबच लांब बराकीत पडदे, पत्रे वा गोणपाट लावून एकेका कुटुंबाचे बिऱ्हाड उभे राहिले. येथील उपविभागांना आजही कॅम्प क्रमांक एक, दोन असेच म्हटले जाते.

या कुटुंबांच्या स्थलांतरात सामान जवळजवळ नव्हतेच. होते ते कागद. सिंधमध्ये मागे राहिलेल्या मालमत्तेचा पुरावा सादर करून दावा मांडावयाचा, त्याची तपासणी व्हावयाची आणि १९५४ च्या विस्थापितांच्या नुकसानभरपाई व पुनर्वसन कायद्यानुसार मोबदला मिळावयाचा, अशी ही दीर्घ प्रक्रिया होती. बराकींच्या जागी पुढे इमारती उभ्या राहिल्या. त्यांतील अनेक अनधिकृत ठरल्याने २००६ मध्ये केवळ या शहरासाठी नियमितीकरणाचा स्वतंत्र कायदा करावा लागला. माणसे १९४७-४८ मध्ये आली आणि त्यांच्या घरांच्या कायदेशीरपणाचा प्रश्न जवळजवळ ६ दशकांनंतरही शिल्लक होता, ही बाब या परिसराच्या इतिहासात लक्षणीय आहे.

भाडे नियंत्रण कायदा आणि चाळीतील खोली

मुंबईतील मराठी मध्यमवर्गाच्या स्थलांतराची पार्श्वभूमी समजण्यासाठी १९४७ चा मुंबई भाडे नियंत्रण कायदा विचारात घ्यावा लागतो. या कायद्याने १ सप्टेंबर १९४० रोजीचे भाडे प्रमाण मानून गोठविले आणि भाडेकरूला जागेतून काढण्यावर कडक निर्बंध घातले. युद्धोत्तर टंचाईच्या काळात सामान्य माणसाला या कायद्याने आधार दिला, हे मान्य करावयास हवे. तथापि त्याचे दुसरे परिणामही झाले. गोठलेल्या भाड्यात मालकाला इमारतीची डागडुजी परवडेनाशी झाली. १९६९ मध्ये दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाचा कायदा आला, तेव्हा मुंबई बेटावरील उपकर लागू झालेल्या जुन्या इमारतींची संख्या १९,६४२ होती.

खोली सोडणाऱ्या भाडेकरूपुढे कायद्याने एक विचित्र पेच उभा केला. खोलीचा ताबा ही बाजारात मोठी किंमत असलेली वस्तू बनली होती. तिचे नाव पागडी. परंतु पागडी घेणे हा कायद्याने गुन्हा होता. त्यामुळे खोली सोडून मिळणारी रक्कम उघडपणे घेता येत नसे, तिची पावती नसे आणि व्यवहार फिसकटल्यास दाद मागण्याची सोय नसे. डोंबिवलीच्या सदनिकेसाठी लागणारी पहिली रक्कम अनेकदा याच व्यवहारातून उभी राहत असल्याने घरबदलाची सुरुवातच धास्तीने होई. १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून अमलात आला आणि पागडीच्या व्यवहाराला कायदेशीर मान्यता मिळाली. तोपर्यंत स्थलांतराची मोठी लाट येऊन गेली होती.

या पेचामुळे कुटुंबांनी एक मधला मार्ग काढला. खोली सोडावयाची नाही. आईवडील व एक भाऊ तिथे राहावयाचे आणि लग्न झालेल्या दुसऱ्या भावाने डोंबिवलीला किंवा ठाण्याला जागा घ्यावयाची. दहा बाय बाराच्या खोलीत दोन संसार मावत नसल्याने हा निर्णय अटळ असे. मात्र खोलीवरील हक्काचे काय, हा प्रश्न त्याच दिवशी निर्माण होई. बाहेर पडलेल्या भावाचा वाटा राहिला की गेला, भाडेपावती कोणाच्या नावे करावयाची, आईवडिलांनी कोठे राहावयाचे, यावरून पुढे कित्येक घरांत अबोला आला. एकत्र कुटुंबाच्या विघटनाची कारणे सांगताना पाश्चात्त्य विचारांचा प्रभाव व व्यक्तिवाद यांचा उल्लेख नेहमी होतो. भाडेपावतीवर एकच नाव असते, हे कारणही त्यांत जमेस धरले पाहिजे.

मालकीच्या सदनिकेकडे

१९६० नंतर परिस्थिती वेगाने बदलली. १९६० चा महाराष्ट्र सहकारी संस्था कायदा आणि १९६३ चा महाराष्ट्र सदनिका मालकी कायदा यांनी मालकीच्या सदनिकेला कायदेशीर चौकट दिली. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. ठाण्याची वागळे इस्टेट, ठाणे-बेलापूर पट्टा आणि डोंबिवलीची औद्योगिक वसाहत यांमुळे या परिसरातच रोजगार निर्माण झाला. १९७७ मध्ये गृहकर्जासाठी एचडीएफसी ही संस्था स्थापन झाली. त्यापूर्वी पगारदार माणसाला भविष्यनिर्वाह निधी, पतपेढी, सोन्याचे दागिने आणि नातेवाईक यांवरच अवलंबून राहावे लागे. डोंबिवलीत १९७० मध्ये नागरी सहकारी बँक निघाली, ती या नव्या वस्तीच्या आर्थिक गरजेचीच खूण होय.

१ ऑक्टोबर १९८२ रोजी ठाणे महानगरपालिका आणि १ ऑक्टोबर १९८३ रोजी कल्याण महानगरपालिका अस्तित्वात आली; कालांतराने तिच्या नावात डोंबिवलीचाही समावेश झाला. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपानंतर लालबाग-परळच्या कामगार कुटुंबांपैकीही अनेकांनी मुंबईबाहेरची वाट धरली. त्यांचे स्थलांतर पगारदार मध्यमवर्गासारखे नियोजित नव्हते. रोजगार गेल्यावर शिल्लक राहिलेल्या रकमेत जिथे जागा मिळेल तिथे जाणे, असे त्याचे स्वरूप होते.

या साऱ्या इमारती ज्या जमिनीवर उभ्या राहिल्या, ती आगरी, कोळी, कुणबी समाजांची भातखाचरे होती. येथील भूमिपुत्रांच्या दृष्टीने हाच काळ शेती जाण्याचा, गावठाणाभोवती इमारतींची भिंत उभी राहण्याचा होता. त्यांनी घर बदलले नाही. त्यांच्या घराभोवतालचे गाव बदलले. डोंबिवली-कल्याण परिसरातील २७ गावे महानगरपालिकेत समाविष्ट करणे, २००२ मध्ये वगळणे व २०१५ मध्ये पुन्हा समाविष्ट करणे, या घटनाक्रमामागे हाच ताण होता. एकाचे मालकीचे घर दुसऱ्याच्या शेतावर उभे राहते, ही बाब या इतिहासात विसरता येत नाही.

घर हलविण्याचे प्रत्यक्ष व्यवहार

घरबदलाचा काळ बहुधा मे महिन्याचा असे. मुलांची वार्षिक परीक्षा आटोपलेली, नवी शाळा जूनमध्ये सुरू व्हावयाची आणि पावसाळ्यापूर्वी सामान हलवावयाचे, अशी ही तिहेरी निकड होती. त्यात मुहूर्ताची भर पडे. जूनचा पहिला पाऊस आला की डोंबिवलीच्या कच्च्या रस्त्यांवर टेम्पो रुतण्याची भीती असे.

चाळीतील बिऱ्हाडाचे सामान मोजके, पण अवजड होते. लोखंडी कपाट, पत्र्याच्या ट्रंका, पितळेचे पिंप, तांब्याचा बंब, पाटा-वरवंटा, गाद्यांच्या वळकट्या, फळीवरील डबे आणि देव्हारा ही त्यातील मुख्य यादी. चाळीचा लाकडी जिना अरुंद असल्याने कपाट दोरखंडाने गॅलरीतून खाली सोडावे लागे. बांधाबांध करणारी व्यावसायिक यंत्रणा त्या काळी सामान्यांच्या आवाक्यात नव्हती. चाळीतील तरुण मुले, कचेरीतील सहकारी व नातेवाईक यांच्या बळावर हे काम पार पडे. काचेची भांडी जुन्या साड्यांत गुंडाळली जात, बरण्या मांडीवर घेऊन बाया टेम्पोत किंवा लोकलमध्ये बसत. आगगाडीने डोंबिवली सरळ मार्गावर असली, तरी सामानाच्या वाहनाला शिळफाट्यावरून किंवा कल्याणवरून वळसा घ्यावा लागे. त्यामुळे माणसे आधी पोहोचत आणि सामानाची वाट पाहत रिकाम्या खोलीत बसत, असे चित्र सर्रास असे.

नव्या घरी आधी देव न्यावयाचे, शेगडीवर दूध उतू घालावयाचे, मग बाकीचे सामान लावावयाचे, हा क्रम बहुतेक कुटुंबांनी पाळला. वास्तुशांत मात्र पैशांची जुळवाजुळव झाल्यावर, कधी वर्षभराने होई. या विधींचा अर्थ केवळ धार्मिक नव्हता. कर्जाच्या ओझ्याखाली व अनोळखी वस्तीत आलेल्या कुटुंबाला स्थिरतेची खात्री देण्याचे कार्य त्यांनी केले.

प्रत्यक्ष घर लावण्याचा भार स्त्रियांवर पडला. चाळीत नळ सार्वजनिक असला, तरी पाण्याची वेळ ठरलेली होती, शेजार ओळखीचा होता आणि मूल सोडून बाजारात जाता येत होते. नव्या इमारतीत दार बंद करण्याची सोय झाली, तशीच एकटेपणाचीही सुरुवात झाली. पाणी अपुरे, दवाखाना दूर, रस्त्यावर दिवे नाहीत, अशा परिस्थितीत दिवसभर घर सांभाळणारी स्त्री आणि रात्री उशिरा परतणारा नोकरदार पुरुष अशी कामाची नवी विभागणी झाली. नोकरी करणाऱ्या स्त्रीला तर दोन्ही बाजू सांभाळाव्या लागल्या. लोकलच्या महिला डब्यात भाजी निवडणाऱ्या स्त्रिया हे दृश्य कौतुकाने सांगितले जाते. ते वेळेच्या टंचाईचेही दृश्य आहे. मुंबई छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून ठाणे सुमारे ३४, डोंबिवली सुमारे ४८ व कल्याण सुमारे ५४ किलोमीटर अंतरावर आहे. घराच्या किमतीत जी बचत झाली, तिची भरपाई आयुष्यभर दररोजच्या प्रवासाच्या तासांनी करावी लागली.

विजेचा अनुभवही असाच बोलका आहे. मुंबई बेटावर ‘बेस्ट’चा वीजपुरवठा अखंड असे. ठाणे-कल्याण परिसर १९६० मध्ये स्थापन झालेल्या राज्य वीज मंडळाच्या क्षेत्रात येत असे. २००५ नंतरच्या काही वर्षांत कल्याण-डोंबिवलीकरांनी दररोज तासन् तास भारनियमन सोसले, तेव्हा मुलुंडच्या पुढे गेल्यावर दिवे जातात, ही जाणीव तीव्र झाली. घर हलविल्याने पुरवठादार, महानगरपालिका व सोयींचा दर्जा हे सारेच बदलते, हे यातून स्पष्ट होते.

कागदपत्रांचे स्थलांतर

सामानापेक्षा कागद हलविणे अधिक कष्टाचे ठरले. शिधापत्रिकेवरील नावे जुन्या शिधावाटप कार्यालयातून कमी करून त्याचा दाखला घ्यावयाचा आणि नव्या कार्यालयात नोंद करावयाची, हे पहिले काम. रॉकेल व साखर त्यावर मिळे आणि रहिवासाचा पुरावा म्हणूनही तीच चाले. त्यामुळे शिधापत्रिका होईपर्यंत कुटुंब अर्धे जुन्या पत्त्यावर राही. शाळा सोडल्याचा दाखला, गॅसजोडणीचे हस्तांतरण, बँकेतील पत्ता, मतदार यादीतील नाव यांसाठी नोकरदाराला रजा घ्यावी लागे. स्वयंपाकाच्या गॅससाठी अनेक वर्षांची प्रतीक्षा यादी असलेल्या काळात जोडणीचा कागद हरविणे ही मोठी आपत्ती मानली जाई.

हे कागद उशिरा का होईना, मिळत गेले. एक कागद मात्र असंख्य कुटुंबांना मिळाला नाही. तो म्हणजे जमिनीच्या अभिहस्तांतरणाचा दस्त. १९६३ च्या सदनिका मालकी कायद्याने विकासकावर दोन जबाबदाऱ्या टाकल्या. सदनिकाधारकांची संस्था नोंदविण्यास साहाय्य करणे ही पहिली आणि संस्था नोंदल्यावर, अन्य मुदत ठरली नसल्यास, ४ महिन्यांत जमीन व इमारत संस्थेच्या नावे करून देणे ही दुसरी. पहिली जबाबदारी बऱ्याच ठिकाणी पार पडली. दुसरी टाळली गेली. परिणामी सदनिकाधारकाजवळ नोंदणीकृत करार व संस्थेचे भागपत्र आले, पण सातबारा उताऱ्यावर किंवा मालमत्ता पत्रकावर मूळ जमीनमालकाचेच नाव राहिले.

सदनिका घेणाऱ्याच्या हे लक्षात का आले नाही, असा प्रश्न साहजिकच पडतो. गावी घर व जमीन वेगळी नसते. घर आपले म्हणजे जमीन आपली, हा पिढीजात समज होता. चाळीत तर जमिनीशी भाडेकरूचा संबंधच नव्हता. मालकी म्हणजे काय, हे ठरविण्याचा पूर्वानुभव या वर्गाजवळ नसल्याने किल्ली हाती आली म्हणजे मालकी आली, असे मानले गेले. कर्जाचे हप्ते, मुलांची शिक्षणे व रोजची लोकल यांत गुंतलेल्या माणसांनी अभिहस्तांतरणाचा विषय वार्षिक सभेत पुढील वर्षावर टाकला. २००८ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन मानीव अभिहस्तांतरणाची तरतूद झाली. तीनुसार विकासक टाळाटाळ करीत असल्यास संस्थेला सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. परंतु त्या वेळेपर्यंत अनेक मूळ खरेदीदार वृद्ध झाले होते व मंजूर नकाशे आणि भोगवटा प्रमाणपत्रे यांचा माग काढणे अवघड झाले होते.

अकरा महिन्यांचे बिऱ्हाड

ज्यांना घर विकत घेणे शक्य नव्हते, त्यांची अवस्था निराळी होती. १९७३ मधील दुरुस्तीने त्या वर्षीच्या १ फेब्रुवारी रोजी परवानगीवर राहणाऱ्यांना भाडेकरूचे संरक्षण दिले. हेतू चांगला असला, तरी पुढे जागा भाड्याने देण्यास मालक धजेनात. त्यातून ११ महिन्यांच्या कराराची पद्धत रूढ झाली. अनामत रक्कम द्यावयाची, ११ महिने राहावयाचे आणि मालकाने नूतनीकरण न केल्यास पुन्हा सामान बांधावयाचे, हे चक्र डोंबिवली-कल्याणमधील नवविवाहित व बदलीच्या नोकरदारांच्या वाट्याला आले. १९९९ च्या कायद्याने असे करार लेखी व नोंदणीकृत असणे बंधनकारक केले. दर वर्षी-दीड वर्षाने घर बदलणाऱ्या कुटुंबात मुलाची शाळा एका टोकाला व घर दुसऱ्या टोकाला अशी स्थिती होई. जुन्या अर्थाचे बिऱ्हाड येथे टिकून राहिले. भाडे गोठविण्याचे संरक्षण मात्र राहिले नाही.

दुसरे स्थलांतर : धोकादायक इमारती व पुनर्विकास

१९७० ते १९९० या काळात बांधलेल्या इमारती आता जुन्या झाल्या आहेत. जुलै २०१५ मध्ये ठाकुर्ली येथील व लगेच ऑगस्टमध्ये ठाण्यातील नौपाडा येथील इमारत कोसळून रहिवाशांचे बळी गेले. महानगरपालिकांविषयीच्या अधिनियमानुसार ३० वर्षांहून जुन्या इमारतींची संरचनात्मक तपासणी आवश्यक आहे. दर वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर दोन्ही महानगरपालिका धोकादायक इमारतींच्या याद्या प्रसिद्ध करतात आणि अतिधोकादायक वर्गातील रहिवाशांना घरे सोडण्याच्या नोटिसा देतात.

येथे घरबदलाचा ताण सर्वाधिक तीव्र होतो. ज्याने तिशीत उमेदीने घर हलविले, त्यालाच सत्तरीत पुन्हा ते हलवावे लागते. पहिल्या वेळी मदतीला चाळ होती. दुसऱ्या वेळी मुले परगावी वा परदेशी असतात. सामान कितीतरी वाढलेले असते. पुनर्विकासाच्या काळात विकासकाने पर्यायी जागेचे भाडे द्यावयाचे असते. ते थांबल्यास वृद्ध दांपत्याच्या हाती ना जुने घर, ना नवे, अशी स्थिती येते. अशा प्रसंगी नोटीस येऊनही लोक घर सोडत नाहीत, याची कारणमीमांसा ‘निष्काळजीपणा’ या शब्दाने होत नाही. घर रिकामे केले आणि इमारत पाडली, तर जमिनीवर आपला हक्क काय, याचे खात्रीचे उत्तर त्यांच्याजवळ नसते. अभिहस्तांतरणाचा न मिळालेला कागद येथे जीविताच्या प्रश्नाशी येऊन भिडतो.

सहकारी संस्थांच्या पुनर्विकासासाठी शासनाने ३ जानेवारी २००९ रोजी कलम ७९(अ) अन्वये कार्यपद्धती ठरविली आणि ४ जुलै २०१९ रोजी तिच्यात सुधारणा केली. १ मे २०१७ पासून महारेरा कार्यरत झाल्याने खरेदीदाराला नवे संरक्षण मिळाले. तरीही कागदाची समस्या नव्या रूपात उद्भवतेच. डोंबिवली परिसरातील ६५ इमारतींना बनावट बांधकाम परवानग्यांच्या आधारे महारेरा नोंदणी मिळविण्यात आल्याचे प्रकरण गाजले आणि २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने बेकायदा इमारतींवर कारवाईचे आदेश दिले. या इमारतींत घरे घेणारी कुटुंबे कर्ज काढून, करार नोंदवून राहावयास आली होती. जुन्या पिढीला कागद मिळाला नाही. या पिढीला मिळालेला कागद खोटा निघाला.

निष्कर्ष

१) ठाणे व कल्याण-डोंबिवलीकडील स्थलांतर हे केवळ स्वस्त जागा व रेल्वे यांमुळे झालेले नाही. १९४७ चा भाडे नियंत्रण कायदा, पागडीची बेकायदा बाजारपेठ आणि १९६३ नंतरची सदनिका मालकी यांनी कोणी, केव्हा व कुटुंबातील कोणत्या व्यक्तीने घर सोडावयाचे हे बऱ्याच अंशी ठरविले.

२) घर हलविण्याचा खर्च रुपयांत मोजला गेला, परंतु स्त्रियांचे श्रम, प्रवासाचे तास आणि भावंडांतील दुरावा या रूपाने त्याची मोठी किंमत दिली गेली. सामाजिक इतिहासात या किमतीची नोंद होणे आवश्यक आहे.

३) या परिसरात माणसे आधी येतात, कागद नंतर येतो, ही परंपरा उल्हासनगरच्या निर्वासित छावणीपासून दिसते. मध्यमवर्गीय सदनिकाधारक तिला अपवाद ठरला नाही.

४) धोकादायक इमारत सोडण्यास रहिवासी तयार होत नाहीत, याचे एक प्रमुख कारण जमिनीच्या हक्काविषयीची अनिश्चितता हे आहे. पावसाळ्यापूर्वी नोटिसा देण्याबरोबरच वर्षभर मानीव अभिहस्तांतरणाची प्रकरणे निकाली काढण्याचे काम झाल्यास जीवितहानी टाळण्यास त्याचा अधिक उपयोग होईल.

५) गृहनिर्माण संस्थांच्या दप्तरात जुने करार, भाडेपावत्या, इतिवृत्ते व पत्रव्यवहार पडून आहेत. पुनर्विकासात इमारतीबरोबर तेही नष्ट होत आहेत. स्थानिक महाविद्यालये व ग्रंथालये यांनी त्यांचे जतन केल्यास या नगरांच्या इतिहासाचे मौलिक साधन उपलब्ध होईल.

एकंदरीत, बिऱ्हाडकरूपासून घरमालकापर्यंतचा या परिसरातील कुटुंबांचा प्रवास अद्याप पूर्ण झालेला नाही. टेम्पोतून सामान उतरले, दूध उतू गेले, दारावर नावाची पाटी लागली. जमिनीच्या उताऱ्यावर मात्र ते नाव अनेक ठिकाणी अजून लागावयाचे आहे.